कैवारी, सांत्वन करणारा आणि ओव्याची बरणी

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. शेजारच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात वर्षापूर्वी मृत्यू झाला होता. त्याच्या स्मरणाच्या प्रार्थनेला त्या गेल्या, आणि तिथे पाळकसाहेबांनी पवित्र आत्म्याला (ख्रिस्ती श्रद्धेत माणसाच्या सोबत राहणारा देवाचा आत्मा) ‘कैवारी’ म्हटलं. ताई लिहितात, ‘कैवारी म्हणजे भांडायला येणारा. “गरिबांचा कैवारी” असं पुढाऱ्यांच्या फलकावर असतं. भाचीच्या इंग्रजी बायबलात त्याच जागी कम्फर्टर आहे. मग मराठीत सांत्वनकर्ता का नाही? भाषांतर चुकलं का?’

चुकलेलं नाही. माझ्या मते त्या एका जागी मराठी इंग्रजीपेक्षा सरस उतरली आहे.

मूळ ग्रीक शब्द पाराक्लेतोस. फोड केली तर ‘जवळ बोलावून घेतलेला’. आपल्यावर बालंट आलं, की आपल्या बाजूने बोलायला ज्याला हाक मारायची तो. हा शब्द बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, चार वेळा येतो आणि योहानाच्या पहिल्या पत्रात एकदा. 1611च्या इंग्रजी बायबलने शुभवर्तमानात त्याचं कम्फर्टर केलं आणि पत्रात ॲडव्होकेट. एका शब्दाचे दोन शब्द झाले. आपल्याकडच्या प्रचलित मराठी बायबलात दोन्हीकडे कैवारीच आहे. (कम्फर्टची बाजू म्हणून एवढं सांगायला हवं, की त्याच्या पोटात ‘बळकट’ अर्थाचा लॅटिन शब्द आहे. जुन्या इंग्रजीत तो आपल्या ‘धीर देणे’च्या जवळ होता, गाद्या-उशांच्या जाहिरातीत नंतर गेला.) ज्यूंच्या जुन्या धर्मवचनांत हाच ग्रीक शब्द उसना घेतलेला आहे. तिथे म्हटलंय, की एक सत्कृत्य केलं की एक कैवारी मिळतो आणि एक पाप केलं की एक आरोप करणारा. आजच्या हिब्रूत प्राक्लीत म्हणजे चक्क वकील.

मग मराठीत सरळ वकीलच का नाही? वकील फी घेतो, आणि उद्या समोरच्याचीही केस लढेल. कैवारी मात्र नसती भांडणं अंगावर घेतो. घरोघरी ऐकू येणारं वाक्य आठवा: ‘तू तिचा कैवार घेऊ नकोस हं!’ किंवा ‘आला मोठा कैवारी!’ दोन्ही वाक्यांत राग आहे, पण ज्याचा कैवार घेतला गेला त्याला त्या क्षणी काय वाटतं ते भावंडांत वाढलेल्या कुणालाही विचारा. दीनांचा कैवारी ही देवाची ओळख मराठी भक्तीला जुनीच आहे, तेव्हा ख्रिस्ती भाषांतरात हा शब्द परका वाटण्याचं कारण नव्हतं.

आता क्रियापदं बघा, खरी गंमत तिथे आहे. सांत्वन आपण करतो, धीर देतो, दिलासाही देतो. (दिलासा फारसीतून आला, त्यातला ‘दिल’ उघडच दिसतो. हल्ली तो बहुतेक करदात्यांना आणि लोकलच्या प्रवाशांना मिळतो.) या सगळ्यांत देणारा अलीकडे, दुःखी माणूस पलीकडे. कैवार मात्र ‘घेतात’. तो घेणारा उठून पलीकडे जातो. शिवाय कैवार म्हटलं की समोर कुणीतरी आरोप करणारा असावाच लागतो.

ताईंना खटकलं ते इथेच असणार. मृत्यूच्या घरात आरोप कोण करतं?

आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमधल्या समोरच्या मावशी नगरकडच्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. काका गेले त्या रात्री त्यांच्या छातीत जळजळत होतं. मावशींनी पित्त समजून ओवा आणि कोमट पाणी दिलं. पहाटे काका गेले. नंतर समाचाराला आलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी विचारलं, ‘लगेच नेलं का नाही?’ विचारणारे वाईट नव्हते, सांत्वनालाच आले होते. मावशींनी ओव्याची बरणी ओट्यावरून उचलून माळ्यावर टाकली. वर्षभर त्या घरात कशातच ओवा पडला नाही.

बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात नेमकं हेच आहे. ईयोब हा संकटांनी घेरलेला सज्जन. त्याचे मित्र सांत्वनाला येतात, सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसतात. तिथवर ठीक. मग तोंड उघडतात आणि तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याला पटवायला लागतात. कसले सांत्वन करणारे तुम्ही, असं ईयोब त्यांना तोंडावर सुनावतो. म्हणजे त्याच पुस्तकात सांत्वन हा शब्द उपरोधाने वापरून झाला होता.

वर्षाच्या प्रार्थनेत मावशी साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. (साक्ष हाही कोर्टातलाच शब्द. देवाने आपल्यासाठी काय केलं ते ख्रिस्ती माणूस चारचौघांत सांगतो, त्याला साक्ष म्हणतात. पंडिता रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची हकीकत 1907 मध्ये लिहिली तीही साक्ष म्हणूनच.) मावशी एवढंच म्हणाल्या, ‘रात्री मीच माझ्यावर केस चालवायचे. मीच पोलीस, मीच जज्ज. माझ्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा तो बोलला.’ आणि खाली बसल्या. काका परत येतील, दुःख संपलं, असलं काही नाही. मला तर त्या अर्ध्या मिनिटात कैवारी शब्दाचा अर्थ कोशापेक्षा जास्त कळला. पुढे गुड फ्रायडेनंतरच्या रविवारी, ईस्टरला, त्यांच्याकडून पुऱ्यांचा डबा आला. पुऱ्यांत ओवा होता.

तेव्हा ताई, कैवारी बरोबर आहे, आणि सांत्वनही बायबलात आहेच. यशया संदेष्ट्याच्या चाळिसाव्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते, तिथे मूळ हिब्रू शब्द वेगळा आहे. ‘सांत्वनकर्ता’ व्याकरणाने चुकीचा नाही, पण पाराक्लेतोससाठी तोकडा पडतो.

तुमचा दुसरा प्रश्न, अशा घरी गेल्यावर ‘सांत्वनाला आले’ म्हणावं का? नको. ते वर्तमानपत्रात मंत्र्यांच्या भेटीला शोभतं. ‘भेटायला आले’ म्हणा. आणि प्रार्थनेनंतर चहा देतील, तो सुतक समजून नाकारू नका. त्यांच्यात सुतक पाळत नाहीत.