क्रूझ तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदरात थांबणार आहे. एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष पाहायला खासगी गाइड घ्यावा का?
हो, नक्की घ्या. बंदरापासून एफेसस जेमतेम 20 किलोमीटरवर आहे. गाइडला सांगून सकाळी लवकर वरच्या दरवाजाने आत शिरा. मग बहुतेक वाट उताराची लागते आणि खाली सेल्सस ग्रंथालयाची ती दुमजली दर्शनी भिंत दिसू लागते. टेरेस हाउसेस अजिबात सोडू नका! रोमन काळातल्या श्रीमंतांच्या घरांमधली भित्तिचित्रं आणि मोझेक तिथे जागच्या जागी आहेत, आणि खासगी गाइड असला की घाई न करता रेंगाळता येतं. तुर्कस्तानात गाइडला सरकारी परवाना लागतो, तो आधीच विचारून घ्या. मात्र स्वतः ठरवलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून निदान तासभर हाताशी ठेवूनच परतीची वेळ ठरवा.