पिल्लू सोफ्याखालून बाहेरच येईना

या वेळच्या पत्रांत मांजराच्या पिल्लांची गर्दी आहे. शिवाय सगळी घरं माणसांनी भरलेली. काही प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

नऊ आठवड्यांचं पिल्लू आणून तीन दिवस झाले. घरात आम्ही सहाजण, त्यात सात आणि दहा वर्षांची मुलं. पिल्लू सोफ्याखाली जाऊन बसलंय. मुलं वाकून हाका मारतात, कधी ओढून बाहेर काढतात. ते माणसाळेल ना?

माणसाळेल, पण ओढून काढणं आजपासून बंद. परवापर्यंत त्याला आईची ऊब होती, भावंडांची लोळण होती आणि सगळीकडे एकच ओळखीचा वास होता. आता मिक्सर, टीव्ही, आपटणारी दारं, सहा जोड्या पाय आणि लपलो तिथेही आत येणारा हात. तो हात प्रेमाचा आहे हे त्याला कोण सांगणार?

तुम्ही त्याला पूर्ण घर देऊन टाकलंत, गडबड तिथेच झाली. पहिला आठवडाभर त्याला एकच खोली द्या. दिवाणखाना नको, जिथे येजा कमी तीच निवडा. एका कोपऱ्यात खाणं-पाणी, समोरच्या कोपऱ्यात शी-शूचा ट्रे आणि मधे एक पुठ्ठ्याचा खोका, बाजूला दार कापलेला. पलंगाखालची, कपाटामागची पोकळी आधीच बुजवा. लपायला जागा हवीच, पण तुमचा हात अलगद पोचेल अशी.

मुलांना ‘हात लावू नका’ एवढंच सांगून भागत नाही, त्यांना काम द्या. एकानं खोलीत जमिनीवर बसून, पिल्लाकडे न बघता, आपलं पुस्तक दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचं. संध्याकाळी दुसऱ्याची पाळी. पिल्लाला आवाजाची सवय होते आणि मुलाला एका जागी बसण्याची (दुसरी सवय लागायला जास्त वेळ लागतो). पिल्लू जवळ आलं तर बोट पुढे धरून हुंगू द्यायचं. ते बघत असेल तर डोळे सावकाश मिटायचे आणि उघडायचे. एकटक रोखून बघणं मांजरांच्या जगात धमकी असते. खाताना, झोपेत आणि ट्रेमध्ये असताना त्याला कुणीच हात लावायचा नाही, अगदी मोठ्यांनीही. या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा तास सहज झोपतं आणि झोपमोड झालेलं पिल्लू बोचकारतं. उचलायचं ते एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली देऊन, मानगुटीला धरून नव्हे.

माणसांची सवय सर्वांत सहज लागते ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या काळात तुमच्या पिल्लाला माणसांनी हाताळलं असेल, तर दोनचार दिवसांत ते मोकळं होईल. उघड्यावर वाढलं असेल तर काही आठवडे धरून चला. माझ्याकडची भाटी पहिले चार दिवस पुस्तकांच्या फडताळामागे होती. मी आयुष्यभर मांजरांवर उपचार करणारा माणूस, तरी पाचव्या दिवशी ती पायाशी येऊन बसली तेव्हा मी मांडीही हलवली नाही.

लपण्याची काळजी करू नका, खाण्यावर मात्र लक्ष ठेवा. रात्री वाटी रिकामी होत असेल आणि ट्रे वापरला जात असेल तर ठीक. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याकडे न्या. इतक्या लहान जिवाच्या बाबतीत ‘उद्या बघू’ चालत नाही.

सासूबाई पिल्लाला रोज वाटीभर दूध देतात. त्याला जुलाब होतायत. पण ते आवडीनं पितं हो!

मांजर डोळे मिटून दूध पितं हे ऐकतच आपण वाढलो, सासूबाईंचा दोष नाही. पण आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवण्याची पिल्लाची ताकद कमी होत जाते, आणि न पचलेली साखर पोट बिघडवते. दूध थांबवा. साधं पाणी आणि पिल्लांसाठीचं खाणं, चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं. खाण्याचा प्रकार बदलायचा तर आठवडाभर जुन्यात नवं मिसळत न्या. जुलाब दुसऱ्या दिवशीही चालू राहिले किंवा पिल्लू मलूल झालं तर शीचा नमुना घेऊन डॉक्टर गाठा, या वयात जंत हे नेहमीचं कारण असतं. आणि हे चार वेळचं खाणं सासूबाईंच्याच हाती सोपवा. महिन्याभरात पिल्लू घरात सर्वांत जास्त कुणाचं असेल ते दिसेलच.

पहाटे चारला ते आमच्या पायांवर झडप घालतं. हातही चावतं.

पहाट आणि तिन्हीसांज या मांजराच्या शिकारीच्या वेळा, आणि पांघरुणाखाली हलणारा अंगठा म्हणजे उंदीरच. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या खेळण्याच्या मागे त्याला पळवा, शेवटी ते पकडू द्या आणि लगेच खायला द्या. शिकार, जेवण, झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे. पहाटे उठून ओरडलात किंवा खायला दिलंत, की उद्याची चारची वेळ पक्की झाली.

हातानं खेळवणं सगळ्यांनीच सोडायला हवं. चावलं तर हात झटकू नका, पळणारी गोष्ट त्याला आणखी चेव आणते. हात सैल सोडा आणि खेळ थांबवा. खेळून झालं की दोरी कपाटात ठेवा. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकता येत नाही, तो आतच सरकतो आणि आतड्याला गुंडाळी पडते. शिवणाचा डबा आणि रबरबँडही आवरा.

ट्रे असूनही पिल्लू धुवायच्या कपड्यांवर शू करतं. ट्रे वॉशिंग मशीनशेजारी ठेवलाय.

उत्तर तुमच्या दुसऱ्या वाक्यात आहे. मशीन एकदा घरघरलं की पिल्लू पुन्हा तिथे कशाला जाईल? ट्रे शांत जागी हलवा, शक्य तर दोन ठेवा, कड बुटकी असू द्या आणि घाण रोज काढा. शू झालेल्या जागी फिनाईल वापरू नका, ते मांजरांना विषारी असतं. पिल्लू ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि शू येत नसेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे.

सात वर्षांचा बोका नव्या पिल्लावर फिसकारतो. एकदाच समोरासमोर आणून सोक्षमोक्ष लावावा का?

मुळीच नको. पहिली भेट मारामारीची झाली तर ती बोक्याच्या लक्षात राहते. शिवाय डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत आणि त्यानंतरही दहाबारा दिवस नवं पिल्लू वेगळं ठेवलेलं बरं, सर्दी आणि जंत त्याच्यासोबत येऊ शकतात. तोवर वासांची ओळख करून द्या. पिल्लाच्या अंथरुणाचा तुकडा बोक्याच्या जागेजवळ ठेवा, बोक्याचा पिल्लाच्या खोलीत. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवायला घाला. दोघं निवांत खायला लागले की जाळीतून दर्शन, मग देखरेखीखाली पाचेक मिनिटं एकत्र. फिसकारणं म्हणजे ‘लांब राहा’ एवढंच, त्याबद्दल बोक्याला रागावू नका. त्याच्या वाट्या, ट्रे आणि झोपायची जागा होती तशीच राहू द्या.

सून गरोदर आहे. पिल्लू परत देऊन टाकावं का?

गरज नाही. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि तो सुनेनं सोडून दुसऱ्या कुणी. पिल्लाला कच्चं मांस घालू नका. नीट न शिजलेलं मांस आणि बागेतली माती यांतूनही हा संसर्ग होतो, तिथेही तेवढीच काळजी घ्या. घरात मांजर आहे हे तिच्या डॉक्टरांना सांगून ठेवा.

फुलदाणीत लिली आहेत. पिल्लू त्यांच्याशी खेळतं. चालेल?

हे वाचणं थांबवून आधी ती फुलं घराबाहेर काढा. लिलीची पानं, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. पिल्लानं एखादं पान चावलं असेल किंवा अंगाला पराग दिसत असेल, तर लक्षणांची वाट न बघता आत्ताच निघा.