घरी न चुकणारा पीस स्टेजवर का अडकतो

तुम्ही लिहिलंय की तुमची नऊ वर्षांची पियानोची विद्यार्थिनी क्लेमेंटी या संगीतकाराची सी मेजर सोनाटिना (ओपस ३६, नंबर १, पहिली मूव्हमेंट म्हणजे पहिला भाग) घरी अगदी सफाईने वाजवते, पण रिसायटलमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात, मध्येच अडकली, तीनदा पहिल्यापासून सुरू केलं आणि शेवटी रडत खाली उतरली. आता आई-बाबा म्हणताहेत की पाठांतर नकोच, आणि पुढचा कार्यक्रम आठ आठवड्यांवर आलाय. हे दुखणं माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. फिंगरिंग (कुठल्या सुराला कुठलं बोट), स्केल्स (क्रमाने चढणारे-उतरणारे सूर), हात वेगवेगळे बसवणं हे तुमचं झालेलं असणार, त्यात शिरत नाही.

ती कुठे अडकली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण या पीसमध्ये मुलं बहुतेक एकाच ठिकाणी अडकतात. २४ व्या बारला (बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) सुरुवातीची थीम, म्हणजे मुख्य धून, परत येते, एक सप्तक खाली. सुरुवातीला हीच थीम झाल्यावर पाचव्या बारपासून संगीत सी मेजर सोडून जी मेजरकडे वळायला लागतं, एफ शार्प हा सूर येतो. परत येते तेव्हा मात्र ते सीमध्येच राहायचं असतं. रस्त्याला फाटा फुटावा तशी ही जागा आहे. बोटांना थीम ओळखीची लागते आणि ती सवयीने पहिल्या वाटेला लागतात. मग जी मेजर कानावर पडतं, मुलाला कळतं की काहीतरी चुकलंय, पण नक्की कुठे ते कळत नाही. पुन्हा पहिल्यापासून घेतलं की तोच फाटा पुन्हा समोर येतो. तीनदा अडकण्याचं कारण हेच असावं. याला घाबरटपणा म्हणू नका, आणि पालकांनाही म्हणू देऊ नका.

मुळात गडबड होते ती रोजच्या रियाजात. चुकलं की आपण म्हणतो, "पहिल्यापासून घे." आईसुद्धा स्वयंपाकघरातून तेच सांगते. त्यामुळे पहिले आठ बार शेकडो वेळा वाजतात आणि शेवटचे आठ त्याच्या निम्म्यानेही नाही. त्याहून वाईट म्हणजे मुलाच्या डोक्यात पीसला एकच दार राहतं. "पहिल्यापासून घे" हे वाक्य क्लासमधून आणि घरातून आठ आठवडे पूर्ण बंद करा. माझं ठाम मत आहे की बाकी काही नाही जमलं तरी एवढं कराच.

त्याऐवजी स्टेशनं ठरवा. १, ८, १६, २४, २८ आणि ३१ हे सहा बार पेन्सिलने गोल करा. १६ ला सी मायनरचा रंग येतो, ३१ ला आठव्या बारचाच मजकूर सीमध्ये परत येतो, म्हणजे प्रत्येक स्टेशनला स्वतःची ओळख आहे. ती ओळख मुलीच्या तोंडून वदवून घ्या: इथे खाली जातं, इथे एफ शार्प नाही. सहा चिठ्ठ्या करून रोज एकेक उचलायला लावा. नंबर वाचल्यावर तीन सेकंदांत, पुस्तक न बघता, तिथून सुरुवात व्हायला हवी. आधी ३१, मग २८, मग २४ असं मागून पुढे बसवत आणा, म्हणजे पीस जसजसा पुढे जाईल तसतसा तो अधिक ओळखीचा वाटेल.

२४ पासून पुढचा डावा हात एकटा, पाठ, निम्म्या टेम्पोत वाजवून घ्या. सावकाश वाजवताना मूल अडखळलं तर समजा की पाठांतर फक्त बोटांचं आहे, डोक्यात काही नाही. वेगात ते लपून जातं.

तिसऱ्या आठवड्यापासून उडीचा सराव. ती वाजवत असताना मध्येच "उडी" म्हणा. ठेका न सोडता तिने पुढच्या स्टेशनवर जायचं, मागे कधीच नाही. स्टेजवर दोन बार गळले तर श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना कळतं, थांबलं तर सगळ्यांना कळतं.

टेम्पो ठरवताना सुरुवातीची थीम बघू नका, स्केल्सचे बार बघा. ते घरी ज्या वेगात स्वच्छ येतात त्याच्या साधारण ८०-८५ टक्के ठेवा, कारण स्टेजवर मुलं पळतात. बसल्यावर हात मांडीवर, स्केल्सचा एक बार मनात ऐकायचा, मगच हात वर.

पाठांतर सोडावं का? एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या ग्रेड परीक्षांत पियानोला पाठ वाजवण्याचे जादा गुण नसतात, तेव्हा पुस्तक ठेवण्यात काहीच कमीपणा नाही. पण निर्णय किमान चार आठवडे आधी घ्या. आयत्या वेळी समोर ठेवलेलं पुस्तक घातक, कारण मूल ते बघत नाही आणि अडकल्यावर वर बघितलं तर ओळ सापडत नाही. या मुलीला मी पाठच वाजवू देईन. हे माझं मत, मुलीला तुम्ही जवळून ओळखता.

आता हॉलबद्दल. इथे माझा फार संताप होतो, म्हणून नाव न घेता लिहिते. एका हॉलच्या कार्यालयाने भाडं पूर्ण घेतलं, पियानोचा वेगळा आकार घेतला, आणि कार्यक्रमाच्या दिवशी "किल्ली ज्यांच्याकडे असते ते आज आलेले नाहीत." झाकण उघडलं तेव्हा लोक बसलेले होते. सीट मोठ्यांच्या उंचीची, खालीवर होत नाही, ट्यूनिंग कधी झालं ते कुणाला माहीत नाही. घरी ६१ कीजच्या हलक्या कीबोर्डवर शिकलेल्या मुलांनी खऱ्या पियानोच्या कीजना पहिल्यांदा हात लावला तो थेट स्टेजवर. ग्रँडची की दाबायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं आणि ती सुमारे १ सेंटीमीटर खाली जाते. नवख्या बोटांना अर्धे सूर ऐकूच येत नाहीत. यात मुलांची काय चूक?

म्हणून बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या: कार्यक्रमाआधी दीड तास पियानो उघडा मिळेल, ट्यूनिंगची तारीख, पियानो हलवणार असतील तर हलवल्यावर ट्यूनिंग, उंची बदलणारी सीट. तोंडी "होईल हो" वर विसंबू नका. लेखी देत नसतील तर सरळ दुसरा हॉल बघा, किंवा वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) ८८ कीजचा डिजिटल पियानो भाड्याने आणा. निदान तो सुरात तरी असतो.

त्या दीड तासात प्रत्येक मुलाला तीन मिनिटं पुरतात. पूर्ण पीस वाजवून घेऊ नका. पहिले चार बार, मग २४ ते ३१, मग शेवटचे चार, बस्स. सोबत एक पाट आणि योगा मॅटचे दोन-तीन तुकडे ठेवा. कोपर कीजच्या पातळीला येईपर्यंत तुकडे सीटवर रचायचे आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट द्यायचा. पाय अधांतरी असले की खांदे वर जातात आणि स्केल्स खडबडीत होतात. एसीत बोटं गारठतात, तेव्हा विंगेत हातमोजे किंवा कोमट पाण्याची बाटली असू द्या. बांगड्या आणि फुग्याच्या बाह्या नकोत, आणि त्या दिवशीच्याच कपड्यांत, बुटांत घरी दोनदा वाजवून झालेलं असावं.

शेवटच्या दोन आठवड्यांत शेजारी, आजी-आजोबा, कुणीही चालेल, तीन-चार छोटे कार्यक्रम करा. चालत येणं, नमस्कार, वाजवणं, नमस्कार, सगळं पूर्ण. यादीत तिला दुसरी किंवा तिसरी ठेवा, तासभर वाट बघायला लावू नका. रिसायटलच्या नावानेच पोटात दुखणं, झोप न लागणं असं काही असेल तर ते पियानो शिक्षकाच्या आवाक्यातलं नाही, मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

तिच्या घरी कीबोर्ड आहे की पियानो, आणि ती २४ च्याच आसपास अडकली का, हे लिहा. १६ ला अडकली असेल तर फिंगरिंग बघावं लागेल, मग उपाय थोडा वेगळा.