‘पारंपारिक’, ‘प्रायोगिक’ आणि एक फ्रेंच गायक

प्रश्न असा आहे : फ्रेंच गायक गाब्रिएल याकुब याच्याविषयी मराठीत लिहिताना एका वाचकाने वाक्य केलं, ‘पारंपारिक लोकगायक असलेला याकुब पुढे प्रायोगिक पॉपकडे वळला.’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि त्याच्या १९७८ सालच्या तबकडीचं नाव ‘त्राद. आर.’ आहे, ते कशाचं संक्षिप्त रूप, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

शुद्धलेखन आधी उरकून टाकू. ‘पारंपारिक’ नव्हे, ‘पारंपरिक’. ‘इक’ प्रत्यय लागला की शब्दातल्या पहिल्या स्वराची वृद्धी होते, पुढचे स्वर जागचे हलत नाहीत : प्रसंग-प्रासंगिक, परिवार-पारिवारिक. ‘परंपरा’मध्ये पहिल्या ‘प’चा ‘पा’ होतो, शेवटचा ‘आ’ प्रत्ययापुढे गळतो आणि मधला ‘प’ होता तसा राहतो. चूक होते ती बहुधा ‘पारमार्थिक’च्या नादाने. पण तिथला ‘मा’ परम आणि अर्थ यांच्या संधीतून मुळातच आलेला आहे, प्रत्ययाची ती देणगी नव्हे. लग्नपत्रिका आणि साड्यांच्या दुकानांच्या पाट्या यांनी ‘पारंपारिक’ इतका रुळवला आहे की उद्या तो कोशातही शिरेल. तोवर लेखात नको.

आता ‘त्राद. आर.’ ‘त्रादिस्योनेल’ आणि ‘आराँज्माँ’ या दोन शब्दांचं हे आखूड रूप. तबकडीवर गाण्याच्या नावाखाली एरवी कवीचं आणि संगीतकाराचं नाव येतं, त्या जागी जुन्या निनावी गाण्याला हा शिक्का मारतात. म्हणजे शब्द आणि चाल परंपरेतून आलेली, बांधणी अमक्याची. यात हिशेबही आहे. फ्रान्समध्ये गीतकार-संगीतकारांची ‘सासेम’ नावाची संस्था १८५१ पासून मानधन गोळा करून वाटते. निनावी जुनं गाणं सर्वांच्या मालकीचं असल्यामुळे त्यावर कुणी हक्क सांगू शकत नाही, पण ते ज्याने नव्याने बांधलं त्याला आपल्या बांधणीपुरता वाटा मिळतो. तेव्हा ‘त्राद.’ हा भाग ‘हे माझं नाही’ अशी कबुली देतो आणि ‘आर.’ हा भाग ‘एवढं मात्र माझं’ असा दावा करतो. एका गायकाने आपल्या पहिल्या एकट्याच्या तबकडीला नाव म्हणून हाच कचेरीतला शिक्का द्यावा, यातला मिस्किलपणा मला फार आवडतो.

मराठीत यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. आपल्या तबकड्यांवर आणि कॅसेटवर ‘गीत : पारंपरिक’ हे कित्येक वर्षं छापलं जात आलं आहे, आणि ‘आराँज्माँ’ला ‘संगीत संयोजन’ हा शब्द आहे. ‘पारंपरिक, संयोजन : गाब्रिएल याकुब’ असं लिहिलंत की काम झालं. काहीजण इथे ‘संगीत’ किंवा ‘संगीत दिग्दर्शन’ लिहितात, ते टाळा. संगीत देणारा चाल बांधतो. संयोजक चालीला हात लावत नाही. कुठलं वाद्य कुठे येईल, मागे काय वाजत राहील, दोन कडव्यांमध्ये काय भरायचं, हे तो ठरवतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे काम सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा मूळच्या गोव्याच्या वादकांनी केलं. स्टुडिओत त्यांना ‘अरेंजर’ म्हणत, आणि पडद्यावरच्या नावांत त्यांना पुष्कळदा जागाच नसे. आपल्याकडे हा शब्द वाचकाच्या नजरेत ठसला नाही, त्याचं एक कारण हेही असावं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हा शिक्का नीट समजून घेतला की तुमच्या वाक्यातली खरी अडचण दिसते. वाक्य असं सुचवतं की पारंपरिक हे संगीताच्या एका आवाजाचं नाव आहे, पॉप हे दुसऱ्या आवाजाचं, आणि गायक या आवाजाकडून त्या आवाजाकडे गेला. याकुबच्या बाबतीत तसं घडलेलं नाही.

तो १९५२ साली पॅरिसमध्ये जन्मला. विशीच्या उंबरठ्यावर तो पश्चिम फ्रान्समधल्या ब्रेतान्य प्रांताची गाणी गाणाऱ्या आलाँ स्तिवेलच्या चमूत वाजवत होता. फेब्रुवारी १९७२ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात स्तिवेलचा जो गाजलेला कार्यक्रम झाला, त्यात तो होता. स्तिवेल ब्रेतों भाषेतली गाणी आणि सेल्टिक हार्प घेऊन त्यांच्याशेजारी विजेवरची गिटार आणि ड्रम बसवत होता. याकुबने तीच युक्ती फ्रेंच भाषेतल्या जुन्या गाण्यांना लावली. १९७३ मध्ये त्याने मारी याकुबबरोबर ‘पिएर द ग्रनोब्ल’ ही तबकडी काढली आणि त्याच वर्षी ‘मालिकोर्न’ हा चमू उभा राहिला : हे दोघे, यूग द कुर्सों आणि लोराँ व्हेर्काम्ब्र. मालिकोर्नच्या तबकड्यांत क्रुमहॉर्नसारखं कित्येक शतकांपूर्वीचं सुषिरवाद्य आणि विजेवर चालणारा डल्सिमर (एक तंतुवाद्य) एकाच गाण्यात भेटतात. त्यातच व्हिएल आ रू. या वाद्याची मूठ फिरवली की आतलं चाक तारांवर घासतं, डाव्या हाताने पट्ट्या दाबून सूर काढायचे, आणि काही तारा एकच स्वर अखंड धरून ठेवतात. सनईवाल्याच्या शेजारी बसून दुसरा जो ‘सूर’ धरतो, ते काम इथे वाद्य स्वतःच करतं. फ्रेंचमध्ये या अखंड स्वराला ‘बुर्दों’ म्हणतात. पॅरिसमध्ये १९६९ साली जुनी गाणी गाणाऱ्यांचा जो क्लब सुरू झाला, त्याचं नावही ‘ल बुर्दों’.

सांगायचं हे, की प्रयोग पहिल्या दिवसापासून होताच. तो ‘आर.’च्या बाजूला होता. १९७६ च्या ‘आल्माना’ या मालिकोर्नच्या तबकडीत (शेवटचं अक्षर फ्रेंच लोक उच्चारत नाहीत, अर्थ साधारण पंचांग) वर्षाच्या बारा महिन्यांची गाणी आहेत, शब्द जुने आणि बांधणी त्या वेळी कुणी ऐकली नसेल अशी. मालिकोर्नच्या १९७८ च्या तबकडीत (‘त्राद. आर.’ वेगळी, ती याकुबची एकट्याची) फ्रान्सभर काम करत फिरणाऱ्या एका सुताराची काल्पनिक गोष्ट आहे. तिच्या नावात ‘तूर द फ्राँस’ आहे, पण त्याचा सायकलशी संबंध नाही. कारागिरांनी गावोगावच्या उस्तादांकडे राहून कसब शिकण्याची ती जुनी फेरी. जुन्या गाण्यांना जोडून चमूच्या स्वतःच्या रचना इथे दिसू लागतात. चमूच्या १९८१ च्या तबकडीत नव्याने लिहिलेल्या गाण्यांचं पारडं जड झालं. आणि ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याकुबची एकट्याची दुसरी तबकडी आली, सिंथेसायझर आणि इलेक्ट्रॉनिक ठेक्यांवर बांधलेली. तिचं नाव ‘एलिमेंटरी लेव्हल ऑफ फेथ’. गायक फ्रेंच, तबकडीचं नाव इंग्रजी. तुम्ही ‘प्रायोगिक पॉप’ म्हणता ती ही.

म्हणजे वर्षानुवर्षं गळत काय गेलं? ‘त्राद.’ गळलं. बांधणी करणारा माणूस तोच राहिला, नवे आवाज शोधायची त्याची सवय तीच राहिली. बदललं ते गाण्याचं पितृत्व. तुमच्या लेखात हे आलं पाहिजे, कारण नुसतं ‘पारंपरिककडून पॉपकडे’ म्हटलं तर वाचकाला वाटेल की आधी हा माणूस एकतारी घेऊन बसला होता आणि एके दिवशी त्याने कीबोर्ड विकत आणला.

‘लोकगायक’ या शब्दाला माझी हरकत जरा जास्त आहे. मराठीत लोकगायक किंवा लोकशाहीर म्हटलं की तो माणूस त्या परंपरेत वाढलेला, त्याच लोकांसमोर गाणारा असं चित्र उभं राहतं. याकुब शहरातला मुलगा. त्याच्या गाण्यांचा मोठा साठा छापील गीतसंग्रहांतला, आणि श्रोते त्याच्यासारखेच शहरी तरुण. फ्रेंच लोक स्वतः हा भेद करतात. खेड्यात आजीकडून गाणं मिळालेल्या गायिकेला ते ‘पारंपरिक गायिका’ म्हणतील. ७० च्या दशकातल्या या तरुणांसाठी त्यांनी इंग्रजीतून ‘फोक’ हा शब्द उसना घेतला. घरात ‘फोल्क्लोर’ हा शब्द असताना बाहेरून का आणला? कारण १९४० ते ४४ या काळात नाझी जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशीतल्या पेतँ सरकारने खेड्यातले पोशाख, नाच, गाणी यांचा इतका उदो उदो केला होता की युद्धानंतर त्या शब्दाला वास येऊ लागला. बोलीभाषेत ‘फोल्क्लो’ म्हणजे आजही काहीतरी हास्यास्पद, गंमतीचं. पुढे ‘फोक’ही मागे पडला आणि ‘त्राद’ हाच सुटा शब्द संगीताचं नाव म्हणून चालू लागला. शिक्क्यावरचा अर्धा तुकडा असा स्वतःच्या पायावर उभा राहिला.

याच जागी आणखी एक खड्डा आहे, फ्रेंच मजकूर वाचून लिहिणाऱ्यांसाठी. ‘शाँसों पोप्युलेर’ दिसलं की ‘लोकप्रिय गाणं’ असं लिहायचा मोह होतो. आजच्या वर्तमानपत्रात ते चालेलही. पण जुन्या मजकुरात त्याचा अर्थ लोकगीत. १८५२ मध्ये शिक्षणमंत्री फोर्तूल यांनी देशभरातली ‘पोप्युलेर’ काव्यं गोळा करण्याचा हुकूम काढला, आणि काय घ्यावं, काय घेऊ नये याच्या सूचना पुढच्या वर्षी साहित्याचे अभ्यासक आम्पेर यांनी लिहिल्या. त्यांना गल्लीत त्या वर्षी गाजत असलेली गाणी नको होती, लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या असलेली हवी होती. पॉप हा शब्दही शेवटी त्याच मुळाचा. फ्रेंच-इंग्रजीत एका शब्दाने दोन टोकं गाठली आहेत. आपल्याकडे ‘लोकगीत’ आणि ‘लोकप्रिय’ असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचा फायदा घ्या.

चालीबद्दल थोडं विषयांतर. फ्रान्समध्ये रस्तोरस्ती विकल्या जाणाऱ्या जुन्या गीतपत्रकांवर गाण्याच्या वर ‘स्यूर लेर द’ असं लिहून दुसऱ्या, सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्याचं नाव देत. अक्षरशः ‘अमक्याच्या चालीवर’. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असं छापलेलं असतं, तो हाच प्रकार. अशा फिरत्या चालीला फ्रेंचमध्ये ‘तँब्र’ म्हणतात, आणि १८११ साली कापेल नावाच्या गृहस्थांनी अशा शेकडो चालींचा संग्रहच छापला, म्हणजे गाणं लिहिणाऱ्याला हवी ती चाल त्यातून उचलता यावी. सांगायचं कारण, ‘त्राद.’ हा शिक्का शब्द आणि चाल एकाच वेळी जन्मले असं भासवतो. पुष्कळदा ते खरं नसतं. शब्द एका शतकातले, चाल दुसऱ्याच गाण्याकडून आलेली.

आता ‘प्रायोगिक’. शब्द शुद्ध आहे, अर्थही लागतो. तरी कानाला खटकतो, कारण रोजच्या मराठीत तो दुसरीकडे अडकला आहे. एखादा उड्डाणपूल ‘प्रायोगिक तत्त्वावर’ एकेरी वाहतुकीला खुला करतात. ‘प्रायोगिक पॉप’ वाचून काहींना वाटेल, बघू चालतं का, नाहीतर बंद करू. तुम्ही म्हणाल, ‘प्रायोगिक रंगभूमी’ कशी चालते? ती चालते, कारण छबिलदास शाळेतल्या त्या नाटकांच्या काळापासून तो शब्द एका चळवळीचं नाव बनला आहे, आणि नाटकाच्या बाबतीत प्रयोग या शब्दाला दुहेरी अर्थही आहे. मी स्वतः असा भेद पाळतो : प्रवाहाचं किंवा चळवळीचं नाव असेल तर प्रायोगिक, माणसाच्या किंवा कृतीच्या वृत्तीबद्दल बोलायचं असेल तर प्रयोगशील. याकुबचा पॉप ही चळवळ नव्हती, एका माणसाची खटपट होती. म्हणून ‘प्रयोगशील पॉप’. व्याकरण दोन्हींना परवानगी देतं. हा कानाचा कौल आहे, कुणाचा वेगळा असू शकतो.

राहिलं ‘वळला’. हे क्रियापद साधं आणि चांगलं आहे. अलीकडे प्रत्येक कलावंताचा ‘प्रवास’ असतो, त्या मानाने तुम्ही बरंच सावरलं आहे. पण ‘वळला’ म्हटलं की माणूस त्या रस्त्याने पुढे गेला असं वाटतं, आणि याकुब गेला नाही. १९९० च्या ‘बेल’ या तबकडीत यंत्रं मागे सरली आणि लाकडी वाद्यं परत आली, गाणी मात्र स्वतःची राहिली. २०१० मध्ये ला रोशेलच्या फ्राँकोफोली महोत्सवात मालिकोर्न पुन्हा एकत्र उभा राहिला आणि जुनी ‘त्राद.’ गाणी पुन्हा म्हटली गेली. जानेवारी २०२५ मध्ये याकुब गेला तेव्हा श्रद्धांजलीच्या मजकुरांत मालिकोर्नचं नाव पुढे होतं, इलेक्ट्रॉनिक तबकडीचं फारसं नव्हतं.

‘पॉपच्या वाटेला गेला’ असं लिहिण्याचा मोह झाला तर आवरा. मराठीत कुणाच्या वाटेला जाणं म्हणजे त्याची कळ काढणं. मी वाक्य असं करीन : ‘पारंपरिक फ्रेंच गाण्यांच्या नव्या बांधणीसाठी ओळखला जाणारा याकुब ८० च्या दशकात स्वतःची गाणी लिहू लागला, आणि काही काळ त्याने प्रयोगशील पॉपही करून पाहिला.’ मूळ वाक्यापेक्षा लांब झालं. जागा कमी असेल तर ‘काही काळ’ तेवढं ठेवून बाकी काहीही छाटा.