मीटर १२ व्होल्ट दाखवतो, फॅन मात्र फिरत नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी लिक्विड कूल्ड मोटरसायकलींच्या रेडिएटर फॅनबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी २०० सीसीची गाडी ६ वर्षांची आहे. सिग्नलला उभी राहिली की तापमानाच्या कांड्या चढत जातात, पण फॅन लागत नाही. फ्यूज चांगला आहे. फॅनचं कपलर (वायरी जोडणारं प्लग-सॉकेट) काढून मल्टिमीटर लावला तर १२.४ व्होल्ट येतात. मेकॅनिकने मोटर गेली म्हणून सांगितलं, नवा फॅन बसवला. तोही फिरत नाही. नवाच खराब निघाला असेल का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : नवा फॅन चांगलाच असावा, आणि बहुधा जुनाही. भंगारात दिला नसेल तर ठेवून द्या. घोळ आहे तो मोजण्यात. मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीच्या पोटात तांब्याची एकच तार शाबूत असली तरी तो १२ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. फॅनला मात्र चालताना साधारण ३ ते ५ अँपिअर लागतात आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरेच जास्त. वाटेत कुठे नुसता २ ओहमचा अडथळा असला, तरी ३ अँपिअरला ६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. उरलेल्या ६ व्होल्टवर फॅन जेमतेम थरथरतो किंवा गप्प बसतो. दुसरं म्हणजे, मीटरची काळी पिन कुठे टेकवली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. फ्रेमला टेकवली असेल, तर अर्थिंगची, म्हणजे फॅनकडून बॅटरीच्या मायनसकडे परतणारी बाजू तपासलीच गेलेली नाही.

आधी मोटरवरचा संशय काढून टाका. फॅनच्या दोन वायरी थेट बॅटरीला जोडा, प्लसच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज घालून. फॅन जोरात फिरला की मोटरचा विषय संपला.

मग एक टेस्ट लॅम्प करा : इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे सर्किटवर खराखुरा भार येतो. फॅनच्या जागी तो कपलरला लावायचा आणि गाडीला फॅन चालू करायला लावायचं. ते कसं, हे तुमच्या गाडीवर अवलंबून आहे. काही गाड्यांमध्ये रेडिएटरलाच थर्मो स्विच घट्ट बसवलेला असतो आणि तो फॅनची अर्थची वायर जोडतो-तोडतो. त्याचं कपलर काढून दोन्ही पिना छोट्या वायरीने जोडा (एकच वायर असेल तर ती फ्रेमला टेकवा) आणि चावी ऑन करा. ईसीयूवर (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकावर) चालणाऱ्या गाड्यांत स्विच नसतो. इंजिनवरचा टेम्परेचर सेन्सर ईसीयूला तापमान सांगतो, ईसीयू रिले (थोड्या करंटने ओढला जाणारा, मोठा करंट जोडणारा स्विच) ओढतो आणि रिले फॅनला करंट देतो. तिथे रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या पिना फ्यूज घातलेल्या वायरीने जोडा. सॉकेटवर आकडे नसतील तर रिलेच्या अंगावर पाहा. ईसीयूकडे जाणाऱ्या बारीक वायरींना मात्र हा बल्ब चुकूनही लावू नका.

बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग ठीक आहे, दोष थर्मो स्विच, रिले किंवा सेन्सर यांच्याकडे आहे. रिले तपासायला त्याच नंबरचा दुसरा रिले काढून अदलाबदल करणं सगळ्यात सोपं. पण तुमच्या वर्णनावरून आमची अटकळ अशी, की बल्ब मिणमिणेल.

तसं झालं तर फॅन पुन्हा जोडा, त्याला चालायला लावा आणि जोडलेल्या कपलरच्या मागच्या बाजूने टाचणी सरकवून मोजा. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवायची. लाल पिन फॅनच्या प्लस वायरीवर लावल्यावर बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको. आता लाल पिन फॅनच्या मायनस वायरीवर. इथे जवळजवळ शून्य यायला हवं, पाव व्होल्ट चालेल. ४-५ व्होल्ट आले तर अर्थिंग गेलं आहे. मग लाल पिन एकेक जोड पुढे सरकवत जा : कपलरच्या अलीकडे, पलीकडे, अर्थच्या बोल्टवर. ज्या जोडाच्या दोन बाजूंना आकडा एकदम पडतो, तोच गुन्हेगार.

बहुतेक वेळा तो फॅनजवळचं कपलर निघतो. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल थेट तिथेच येतो, आणि तीन-चार पावसाळ्यांत पितळी पिनांवर हिरवट पूड चढते. नुसतं पॉलिश पेपरने घासून भागत नाही. मुलामा निघून जातो, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. नवी पिन नीट दाबून बसवा. पिनेजवळची वायर सोलल्यावर तांबं काळं पडलेलं दिसलं, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा. जोडाला सोल्डर, त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह. काळी टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेने तिचा चिकटा पाघळतो आणि ती आपोआप उलगडते.

प्रश्न : फॅन लागला की १० अँपिअरचा फ्यूज उडतो. गॅरेजवाल्याने २० चा टाकला, आता उडत नाही. चालेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. आजच काढा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो उडत नाही याचा अर्थ आता वायर तापते आहे.

चावी बंद करून काडीने फॅनची पाती फिरवून पाहा. चिखल वाळून पातं अडकलं असेल किंवा बुश जाम झालं असेल, तर अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. पाती सहज फिरत असतील, तर फॅनचं कपलर काढा, फ्यूजच्या जागी वर सांगितलेला २१ वॅटचा बल्ब जोडा आणि फॅन चालू करायला लावा. त्या फ्यूजवर दुसरं काही चालत असेल तर तेही काढून ठेवा. बल्ब पेटला नाही तर वायरिंग स्वच्छ, दोष मोटरमध्ये. पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. बल्ब पेटता ठेवूनच वायरिंग हळूहळू हलवत जा. जिथे हात लावल्यावर बल्ब विझेल, तिथे साल गेलेली सापडेल. हँडलच्या मानेजवळ वायरी वळतात ती जागा आणि सायलेन्सरच्या बेंड पाइपजवळचा टप्पा आधी पाहा. या युक्तीत एकही फ्यूज वाया जात नाही.

प्रश्न : बाजारातला फॅन स्वस्त मिळाला म्हणून टाकला. छान जोरात फिरतो, तरी गाडी आधीपेक्षा जास्त तापते. (एक वाचिका, सांगली)

उत्तर : फॅन चालू असताना रेडिएटरच्या पुढून कागदाचा तुकडा जाळीजवळ न्या. तो जाळीला चिकटायला हवा. उडून तुमच्याकडे आला तर फॅन उलटा फिरतो आहे. डीसी मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की असं होतं, आणि बाहेरच्या फॅनच्या वायरींचे रंग मूळ रंगांशी जुळतीलच असं नाही. उलटा फॅन पुढून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजत बसतो. वायरी बदला. कागद चिकटूनही गाडी तापत राहिली तर फॅनला सोडा, कुलंट आणि हवेकडे बघा : इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून पातळी पाहा, कमी असेल तर भरा आणि आत अडकलेली हवा बाहेर काढा. सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा राहिला तर इंजिन उकळत असतं आणि सेन्सरला पत्ता नसतो. गरम असताना झाकणाला हात लावू नका. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वरचं पाणी असतं, ते अंगावर येतं.

प्रश्न : थंड गाडीची चावी लावली की फॅन लगेच सुरू. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ईसीयूची गाडी असेल तर टेम्परेचर सेन्सरचं कपलर सुटलंय का ते आधी पाहा. तापमान कळेनासं झालं की अनेक ईसीयू खबरदारी म्हणून फॅन चालू ठेवतात, सोबत इंजिनचा दिवाही लागतो. दिवा नसेल तर रिले काढा. काढल्यावर फॅन थांबला तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले असण्याची शक्यता मोठी. नवा टाका.

प्रश्न : फॅनला हँडलवर स्वतंत्र स्विच लावावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मूळ दोष झाकायला लावणार असाल तर नको. एखाद्या दिवशी स्विच विसराल, इंजिन तापेल आणि हेड गॅस्केटचं (इंजिनच्या हेडखालच्या सीलचं) बिल येईल. जादा सोय म्हणून हवाच असेल, तर मूळ यंत्रणा तशीच राहू द्या. स्विचने फक्त वेगळा रिले ओढा, फॅनचा करंट हँडलवरून नेऊ नका. वायर किमान १ चौरस मिलिमीटरची घ्या, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज लावा आणि रिलेला चावीवरचं प्लस द्या, म्हणजे रात्रभर फॅन चालून बॅटरी बसणार नाही.

प्रश्न : माझ्या हिमालयन ४११ ला फॅन सापडतच नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नसतोच. ती एअर-ऑइल कूल्ड आहे, पुढे दिसतो तो ऑइल कूलर. रेडिएटर आणि फॅन नंतरच्या हिमालयन ४५० ला आले.