प्रकाशाची हरवलेली ऊर्जा म्हणजेच कृष्ण ऊर्जा का?

प्रश्न : दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना त्याची तरंगलांबी वाढते, म्हणजे ऊर्जा घटते. ऊर्जा तर नष्ट होत नाही. मग ती अवकाशात मुरून तिचीच कृष्ण ऊर्जा होत असेल आणि तीच गुरुत्वाकर्षणाला न जुमानता विश्व फुगवत असेल का? तसे असेल तर दोन्ही कोडी एकदम सुटतात. यात चूक कुठे आहे?

उत्तर : तुमची कल्पना आकड्यांनी तपासता येते, हा तिचा मोठा गुण आहे. तेव्हा आधी हिशेब करू.

विश्वातल्या प्रकाशाची बहुतेक ऊर्जा ताऱ्यांच्या प्रकाशात नाही, वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीत, म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या आणि सगळीकडे पसरलेल्या प्रकाशात आहे. एका घनमीटरमध्ये तिचे सुमारे ४१ कोटी फोटॉन (प्रकाशकण) असतात आणि त्या सगळ्यांची मिळून ऊर्जा साधारण २ लाख ६० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक) भरते. तेवढ्याच जागेतली कृष्ण ऊर्जा आहे सुमारे ३३० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साडेतीन प्रोटॉनांच्या वस्तुमानाइतकी.

आता घट पाहू. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढू लागला तो सुमारे ६०० कोटी वर्षांपूर्वी. त्या वेळी दीर्घिकांमधली अंतरे आजच्या ०.६ पट होती, म्हणून प्रत्येक फोटॉनची ऊर्जा आजच्या १.६७ पट होती. आजच्या एका घनमीटरमधल्या फोटॉनांनी तेव्हापासून गमावलेली ऊर्जा येते पावणेदोन लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. हवे होते ३३० कोटी. हिशेब सुमारे १९ हजार पटींनी तोकडा पडतो.

यावर तुम्ही म्हणाल, आणखी मागे जाऊ. तेही करून पाहू. पार्श्वभूमीचा प्रकाश मोकळा झाला तेव्हा अंतरे आजच्या सुमारे १०९० पट लहान होती. तेव्हापासूनची सगळी घट धरली तर २८ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात, म्हणजे गरजेचा बारावा हिस्सा. हा आकडा पहिल्यासारखा क्षुल्लक नाही. पण वेळेचे गणित जुळत नाही. अंतरे दुप्पट होताच फोटॉनची निम्मी ऊर्जा जाते, त्यामुळे यातली अर्धी घट विश्वाचे वय ११-१२ लाख वर्षे होईपर्यंतच होऊन गेली. कृष्ण ऊर्जेचा प्रभाव मात्र त्यानंतर अब्जावधी वर्षांनी दिसू लागतो.

खरी अडचण याहून खोल आहे. विश्वाचे प्रसरण मंदावते की वेग घेते हे नुसत्या ऊर्जेवर ठरत नाही. व्यापक सापेक्षतेच्या, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताच्या, समीकरणात ऊर्जेच्या घनतेत दाबाची तिप्पट मिळवावी लागते. घनता १ धरली तर प्रकाशाचा दाब एक-तृतीयांश असतो, म्हणून बेरीज २ येते आणि प्रकाश प्रसरणाला रोखतो. साध्या द्रव्याचा दाब जवळजवळ शून्य, म्हणून त्याची बेरीज १. तेही रोखणारेच. बेरीज ऋण यायला दाब उणे एक-तृतीयांशापेक्षाही खाली असावा लागतो. कृष्ण ऊर्जेचा तो उणे १ च्या जवळ आहे, म्हणून बेरीज उणे २.

हा ऋण दाब येतो कुठून? दट्ट्या बसवलेल्या पेटीची कल्पना करा. दट्ट्या बाहेर ओढल्यावर जागा वाढली, तरी आतली घनता तेवढीच राहिली, तर पेटीतली एकूण ऊर्जा वाढली. ती ओढणाऱ्याने दिली, म्हणजेच आतला पदार्थ दट्ट्याला आत खेचत होता. हाच ऋण दाब, आणि घनता तशीच राखणारी कृष्ण ऊर्जा अशी वागते. तुमची मुरलेली ऊर्जा मात्र प्रसरणाबरोबर पातळ होत जाणारी आहे. ती साध्या द्रव्यासारखी वागेल आणि प्रसरण उलट मंदावेल.

मग फोटॉनची ऊर्जा जाते कुठे? कुठेच साठत नाही. गणितज्ञ एमी न्योथर यांनी १९१८ मध्ये दाखवले की ऊर्जेची अक्षय्यता भौतिक नियम काळानुसार न बदलण्यातून येते. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची पार्श्वभूमीच काळानुसार बदलते. छोट्या भागात नियम तंतोतंत पाळला जातो, पण अख्ख्या विश्वाचा एक जमाखर्च मांडता येत नाही. हे पचायला जड आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तरी शाळेतला नियम इथे अपुरा पडतो.

प्रश्न : दृश्य विश्वाबाहेरचे वस्तुमान आपल्याला चहूबाजूंनी बाहेर ओढत असेल तर?

उत्तर : नाही. सर्व बाजूंनी सारख्या पसरलेल्या पोकळ गोलाची आतल्या वस्तूवरची ओढ शून्य असते. सगळ्या दिशांची ओढ एकमेकींना खोडते. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात हे सिद्ध होते आणि व्यापक सापेक्षतेतही त्याचे प्रतिरूप आहे. बाहेरचे वस्तुमान एका बाजूला जास्त असेल तर ओढ उरेल, पण मग दीर्घिका त्या एकाच दिशेला झुकतील, सगळीकडे सारख्या पांगणार नाहीत.

प्रश्न : माझी कल्पना घरच्या संगणकावर तपासता येईल का?

उत्तर : जरूर येईल, आणि करूनच पाहा. स्प्रेडशीटच्या पहिल्या स्तंभात ताम्रसृती (प्रकाशाची तरंगलांबी किती पटींनी वाढली त्याचे माप) ० पासून ०.०१ च्या पायऱ्यांनी भरा. दुसऱ्यात (१ + ताम्रसृती)च्या घनाला ०.३ ने गुणून त्यात ०.७ मिळवा आणि वर्गमूळ घ्या. यात ०.३ हा द्रव्याचा वाटा आणि ०.७ हा कृष्ण ऊर्जेचा. तिसऱ्यात ०.०१ भागिले ते वर्गमूळ, आणि त्याची बेरीज करत जा. बेरजेला ४२८३ ने गुणले की अंतर मेगापार्सेक या खगोलीय एककात मिळते. हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर, इथे ७० धरला आहे. त्याला पुन्हा (१ + ताम्रसृती)ने गुणा, दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्या, पाचने गुणा आणि २५ मिळवा. हे उत्तर प्रतीत येते. प्रत म्हणजे तेजाचे माप, आणि ती जितकी जास्त तितकी वस्तू मंद. ताम्रसृती ०.५ ला उत्तर ४२.२६ च्या जवळपास यायला हवे. कृष्ण ऊर्जेचे ०.७ काढून ०.३ च्या जागी १ घातलेत तर ४१.८६ येते. या ०.४ प्रतीच्या फरकाचा अर्थ असा, की कृष्ण ऊर्जा असलेल्या विश्वात तोच सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट) सुमारे ३० टक्के मंद दिसेल. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद आढळले, ते याच प्रकारच्या आलेखात.

मग तुलनेला पँथिऑन प्लस हा सुपरनोव्हांच्या निरीक्षणांचा खुला संच घ्या. त्यात १५५० सुपरनोव्हांचे १७०१ प्रकाशवक्र (तेज काळानुसार कसे बदलले त्याचे आलेख) आहेत. नेहमीच्या चुका तीन. एक, शेवटचा (१ + ताम्रसृती) विसरणे. दोन, नैसर्गिक लॉगॅरिदम वापरणे. तिसरी जास्त फसवी आहे. हबल स्थिरांक बदलला की अख्खी रेषा वर-खाली सरकते आणि कल्पना जुळल्याचा भास होतो. म्हणून रेषेची उंची मोकळी सोडा आणि फक्त तिचा आकार पाहा.

तुमच्या कल्पनेत कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असेल, तर ०.७ च्या जागी तिचे सूत्र घाला. दीर्घिकांचा नकाशा बनवणाऱ्या डेसी सर्वेक्षणाच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांत ती क्षीण होत असल्याचे संकेत आहेत. ते अजून ५ सिग्मापर्यंत, म्हणजे शोध पक्का मानण्याच्या खात्रीच्या पातळीपर्यंत, पोचलेले नाहीत, म्हणून हा प्रश्न खरोखर उघडा आहे. मात्र दाब उणे १ ऐवजी उणे ०.९ केला, तर ताम्रसृती ०.५ ला फरक पडतो जेमतेम ०.०३ प्रतीचा. एकेका सुपरनोव्हाची प्रत सुमारे ०.१५ ने मागेपुढे असते. दहा-वीस बिंदू रेषेवर बसले, एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. सगळे १७०१ घ्या.