बोर्डाच्या कागदावरची ती ओळ

चि. बाळास आशीर्वाद,

वडिलांची फाइल नीट वाचली. बायपास नोकरीत असतानाच झाली, २०२१ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन घरी येताना रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीआधी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, ३० टक्के अपंगत्वही लिहिलं, तरी डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. तू टक्के वाढवून मागायच्या मागे लागला आहेस, ते आधी सोड. पात्रतेला २० टक्के पुरतात. घात केलाय तो कारणाच्या रकान्यातल्या एका ओळीने: आजार सेवेमुळे झाला नाही, सेवेने वाढलाही नाही, कारण तो पीस स्टेशनात, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यात, सुरू झाला.

या ओळीचा मला मनापासून राग येतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या एका पोस्टिंगमध्ये तुंबत नाहीत, त्याला वर्षं लागतात. ती वर्षं वडिलांनी सियाचिनला आणि काश्मीरला काढली, हे तारखांसकट मांड. त्यांच्या रेजिमेंटचं, मराठा लाइट इन्फंट्रीचं, रेकॉर्ड ऑफिस बेळगावात आहे. माहितीच्या अधिकारात जुन्या सगळ्या बोर्डांच्या प्रती मागव. त्यांत एक कागद हमखास दुर्लक्षित राहतो: दुखणं उमटण्याआधीच्या १४ दिवसांत त्यांना कोणती ड्यूटी होती, त्याचा तक्ता. हृदयविकारात तो तपासावा, असं लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेतच आहे. रात्रीच्या गार्ड ड्यूट्या त्यात आल्यात का, ते वडिलांना शेजारी बसवून पाहा.

त्यांची तंबाखू लपवू नका. बोर्डाने ती नोंदवलीच आहे, आणि खोटं पकडलं गेलं की खरंही पातळ होतं.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल अपिलात घाल. तो जवान फिट्सचा रुग्ण होता, पण तत्त्व इथेही लागतं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आजार सेवेमुळे नाही, हे दाखवायची जबाबदारी सरकारची. तरीही हृदयाच्या केसेस दोन्ही बाजूंनी लागतात, म्हणून पोस्टिंगचा पुरावा भक्कम हवा.

पैशाचं म्हणशील तर, १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के मिळतात. वेतन ४०,००० धरलं तर १२,०००. राम अवतार प्रकरणातल्या २०१४ च्या निकालाने वडिलांचं ३० टक्के अपंगत्व ५० टक्के धरलं जाईल, म्हणजे महिना ६,०००.

‘सरकारपुढे हात कशाला पसरायचा’ असं ते म्हणतात ना? ही भीक नाही, त्यांच्या झिजलेल्या शरीराचा हक्क आहे. हे त्यांना तूच सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

नकाराचं पत्र मिळाल्यापासून पहिल्या अपिलाला ६ महिने असतात. तेही फेटाळलं तर दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. पत्रावरची तारीख मला आजच कळव.

तुझा,
काका